जुना दिवा घेताना आधी उलटा करून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीनिमित्त श्टुटगार्टला राहणारं एक मराठी जोडपं, दोन-तीन वर्षांत पुण्याला परतायचा बेत. १९५० ते १९७० या काळातले, शिल्पासारखे दिसणारे दिवे जमवायची हौस लागली आहे, पण हात आखडता आहे. सुरुवात कुठून करायची, नक्कल कशी ओळखायची, जुन्या वायरिंगचं काय करायचं आणि हे दिवे पुण्यात चालतील का, असं त्यांनी विचारलंय. असे दिवे दुरुस्त करणं आणि विकणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी मुख्य गोष्ट. कुठल्याही जुन्या दिव्यात दोन तऱ्हेचे भाग असतात. वायर, पिन, होल्डर, स्विच, नट-बोल्ट हे बदलता येतात आणि पुष्कळदा बदलावेच लागतात. दुधी काचेचा गोळा, अ‍ॅक्रिलिकची शेड, फवाऱ्याने चढवलेलं प्लास्टिकचं आवरण, मूळ रंगाचा थर हे बदलता येत नाहीत. बदलले तर तो दिवा दुसराच होतो. पैसे मोजायचे ते या दुसऱ्या यादीसाठी. नवखे लोक नेमकं उलट करतात. वायर कुजलेली दिसली की दिवा खाली ठेवतात, आणि वायर नवीन, पितळ चकचकीत, पण शेडला केसाएवढी चीर असलेला दिवा आनंदाने घरी आणतात. कुजलेली वायर ही माझ्या लेखी चांगली बातमी असते. भाव खाली येतो, आणि मधल्या काळात कुणी उचापत केलेली नाही हेही कळतं.

आता सुरुवात कुठून. मोठ्या नावांच्या मागे लागू नका. सर्ज मुई या फ्रेंच कारागिराचे १९५०च्या दशकातले काळे, लांब हातांचे दिवे फोटोत बघून सगळेच वेडे होतात. त्याची अ‍ॅल्युमिनियमची टोपणं हातोडीने ठोकून घडवलेली, आतून पांढरी, बाहेरून काळी. पण मूळ नग लिलावात फार वर जातात, अधिकृत पुनर्निर्मितीही बाजारात आहे आणि नकलांना तर गणतीच नाही. हाताशी तुलनेला खरा नग नसेल तर या दिव्याच्या वाटेला जाऊ नये. जीनो सार्फात्ती या इटालियन डिझायनरचंही तसंच. त्याने १९३९ साली मिलानमध्ये आर्तेलूचे ही दिव्यांची कंपनी सुरू केली आणि १९७३ साली फ्लोस या दुसऱ्या कंपनीला विकली. दिव्यांना तो नावं देत नसे, नुसते आकडे देई. १९५८चं २०९७ हे झुंबर सगळ्यांनी पाहिलेलं असतं, कुणाचं ते मात्र माहीत नसतं: मधे दांडा, त्यातून निघालेले हात, उघडे बल्ब आणि मुद्दाम लोंबत ठेवलेल्या वायरी. सुंदर आहे, पण पहिल्या खरेदीचा तो माल नव्हे.

पहिल्या खरेदीसाठी मी दोन दिवे सुचवतो. दोन्ही भरपूर संख्येने तयार झाले, त्यामुळे जर्मनीत सहज सापडतात, घासाघीस करता येते, आणि चार-पाच नग हाताळले की नजर तयार होते.

पहिला म्हणजे पोल हेनिंगसेनचा पीएच-५, १९५८ सालचा, डेन्मार्कच्या लुई पोल्सन कंपनीचा. टांगायचा दिवा, व्यास ५० सेंटिमीटर, एकाखाली एक धातूच्या तबकड्या. जेवणाच्या टेबलावर टांगला तर कुठल्याही खुर्चीवरून बल्ब डोळ्यांत येत नाही. बल्ब बनवणारे आकार सारखे बदलतात म्हणून हेनिंगसेन वैतागलेला होता. कुठलाही बल्ब लावा, उजेड तसाच पडेल असा दिवा त्याने मुद्दाम काढला. त्याचा फायदा आज एलईडीच्या काळात आपल्याला होतो. विकत घेताना वरच्या पांढऱ्या रंगापेक्षा आत बघा. आतल्या लहान भागांवर लाल आणि निळा रंग असतो, उजेडाची छटा जुळवण्यासाठी. बाहेरून ताजा आणि आतून मातकट, किंवा आतला लाल-निळा रंग ब्रशच्या फटकाऱ्यांचा, असं दिसलं तर दिवा पुन्हा रंगवलेला आहे. पत्र्याला लहानसा पोचा असला तरी चालेल, पुन्हा रंगवलेला मात्र नको.

दुसरा एक्लिस. वीको माजिस्त्रेत्तीने १९६५ साली आर्तेमीदे या इटालियन कंपनीसाठी काढलेला, १९६७चा कोम्पासो द'ओरो हा इटलीचा डिझाइन पुरस्कार मिळालेला. पलंगाशेजारी ठेवायचा टीचभर दिवा, उंची १८ सेंटिमीटर. तीन अर्धगोल: एक बुडाचा, एक बाहेरचा, आणि आत फिरणारा तिसरा. आतला फिरवत नेला की बल्बला ग्रहण लागतं, कडेने फक्त प्रकाशाची कोर उरते. बाजारात तो हातात आला की मी काय करतो ते क्रमाने सांगतो. आधी दिवा न लावता आतली टोपी अंगठ्याने सावकाश फिरवायची. ती कुठेही न घासता, पण किंचित जड फिरायला हवी. सैल फिरत असेल तर ती हव्या त्या जागी थांबणार नाही. खर्र आवाज आला तर आतल्या रंगावर गोल ओरखडा उमटलेला असणार, तो टॉर्चने दिसतो. मग टोपी पूर्ण उघडून आतल्या पांढऱ्या रंगाचा बल्बसमोरचा भाग बघायचा. मूळ बल्ब २५ वॉटचा, बारीक चुडीचा. कुणी हौसेने ४० वॉटचा लावून वर्षानुवर्षं जाळला असेल तर तिथे रंग तपकिरी होऊन त्याला बारीक भेगा पडलेल्या असतात. शेवटी उलटा करून बुडाचं लिखाण वाचायचं. हा दिवा आजही तयार होतो, त्यामुळे 'जुना' म्हणून सांगितलेला नग कालपरवाचा असू शकतो. तो तोतया नसतो, पण जुन्याचा भाव त्याला का द्यायचा?

बुडावरचं लिखाण वाचायची सवय लावून घ्या, कारण काळ ठरवायचे सगळ्यांत भरवशाचे पुरावे तिथेच असतात, आणि ते विक्रेत्याच्या गोष्टीपेक्षा कमी खोटं बोलतात. सीई ही युरोपीय नियमांत बसणाऱ्या मालावरची खूण आजच्या रूपात १९९३ साली आली. ती मूळ लेबलवर किंवा साच्यातच असलेला दिवा साठच्या दशकातला असूच शकत नाही. 'डब्ल्यू. जर्मनी' लिहिलं असेल तर १९४९ ते १९९० यांच्या दरम्यानचा. पत्त्यातला पिनकोडही बोलतो. जर्मनीत चार आकडी कोड १९६१ साली आला आणि १९९३ साली पाच आकडी झाला. इटलीत पाच आकडी कोड १९६७ साली आला, अमेरिकेत झिपकोड १९६३ साली. म्हणजे मिलानच्या पत्त्यापुढे पाच आकडे छापलेल्या लेबलचा दिवा '१९५५चा' म्हणून विकायला ठेवला असेल तर गुमान पुढे सरकावं. (आपला पिनकोड १९७२चा, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृत कवी होते. याचा दिव्यांशी काही संबंध नाही, पण लेबलं वाचताना मला दरवेळी त्यांची आठवण येते.)

वायरीवरचा स्विचही तारीख सांगतो. इटालियन दिव्यांच्या वायरीवर एक लहान, कडा गोलसर केलेला, मुठीत सहज बसणारा स्विच दिसतो, त्यावर व्हीएलएम अशी अक्षरं असतात. तो आखिल्ले आणि प्येर जाकोमो कास्तिल्योनी या डिझायनर बंधूंनी १९६८च्या सुमारास काढलेला. लाखोंनी खपला, पण वापरणाऱ्याला डिझायनरचं नाव कधी कळलं नाही. १९६०च्या दिव्यावर तो असेल तर वायर नंतर बदललेली आहे, एवढाच अर्थ. आणि वायर बदलताना हा स्विच फेकू नका. उघडून साफ केला, आतले स्क्रू घट्ट केले की बहुतेक वेळा पुन्हा उभा राहतो.

जाहिरातीतल्या भाषेबद्दल थोडं. 'स्टिलनोव्होच्या शैलीतला', 'आर्रेदोलूचेचा असावा', 'अ‍ॅट्रिब्यूटेड टू' या सगळ्याचा अर्थ एकच: त्या नावाजलेल्या कंपनीचा असल्याचा पुरावा नाही. त्या काळात मिलान आणि आसपासच्या गावांत पितळी नळ्या वाकवून दिवे करणारे असंख्य लहान कारखाने होते, आणि ते एकमेकांचं सर्रास उचलत. त्यांचे दिवे वाईट नाहीत. माझ्या घरात त्यातले आहेत. पण बिननावाचा दिवा बिननावाच्या भावाने घ्यावा. लेबल असेल तर तेही तपासा. लेबल सुटं मिळतं आणि चिकटवता येतं. साठ वर्षं चिकटून असलेल्या लेबलच्या कडेला धुळीची रेघ बसते आणि त्याच्या खालचा रंग भोवतालच्या रंगापेक्षा वेगळा असतो. कालच चिकटवलेल्या लेबलाखाली हे नसतं.

नकलांचा राजा म्हणजे आर्को. आखिल्ले आणि प्येर जाकोमो कास्तिल्योनी, १९६२, फ्लोस. छताला भोक न पाडता टेबलाच्या मधोमध उजेड आणायचा, आणि दांडा इतका दूर हवा की मागून माणूस ताट घेऊन जाऊ शकेल. त्यासाठी लांब पोलादी कमान, आणि ती तोलायला कर्राराच्या संगमरवराचा सुमारे ६५ किलोचा ठोकळा. ठोकळ्यात आरपार भोक आहे. त्यात झाडूचा दांडा घालून दोघांनी दोन बाजूंनी उचलायचा. चारही कोपरे छाटलेले, येता-जाता कुणाला लागू नये म्हणून. या दिव्यात शोभेसाठी काहीच नाही, आणि म्हणूनच नक्कल करणारा पकडला जातो. कोपरे कशासाठी छाटलेत हे त्याला माहीत नसतं, म्हणून तो ते नुसते पॉलिश करून ठेवतो. भोक कधी नसतंच, कधी भलत्या उंचीवर असतं. संगमरवर पातळ असतो, मग कमान पुढे ओढली की दिवा डुलतो. वरच्या टोपीला उष्णता बाहेर पडायला भोकं असतात. नकलेत ती ओबडधोबड आणि कडांना कराकरा लागणारी. फ्लोसने चीनमधून आलेल्या 'फ्लुइडा' नावाच्या अशाच एका दिव्यावर दावा लावला, तो युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला, आणि २०११ साली निकाल लागला की डिझाइनची नोंदणी संपली एवढ्यावरून कॉपीराइटचं संरक्षण सरसकट नाकारता येणार नाही. तरी नकला अजून भरपूर फिरतात, आणि आता त्यातल्याच काही जुन्या झाल्यामुळे 'व्हिंटेज' म्हणून विकल्या जातात. तुम्हाला मात्र आर्को खरा मिळाला तरी मी घेऊ नका म्हणेन. ६५ किलोचा दगड समुद्रापार नेण्याचा खर्च आणि कटकट मोजून बघा.

आता शेड. सगळ्यांत जास्त पैसे इथेच बुडतात.

दुधी काच आपल्या बाजूची आहे. ती पिवळी पडत नाही, वाकत नाही, साबणाच्या पाण्याने धुता येते. बघायचं ते तोंडाची कड, जिथे धातूची कडी किंवा स्क्रू तिला धरतात. टवके तिथेच उडतात. गोळा एका हाताने वरून हलका लटकता धरा आणि नखाने टिचकी मारा. अखंड काच घणघणते, चीर गेलेली काच बद्द बोलते. लहान टवका कडीखाली झाकला जात असेल तर घ्या आणि भाव पाडा. चीर असेल तर सोडा, कारण बल्बच्या उष्णतेने ती वाढते. जर्मनीत काचेच्या बाबतीत चंगळ आहे. ड्यूरेन गावच्या पाइल उंड पुट्झ्लर या काचकारखान्याचे पन्नाशीच्या दशकातले टांगते दिवे घ्या. त्यातले काही विल्हेल्म वागेनफेल्ट या नामवंत जर्मन डिझायनरने आखलेले आहेत. किंवा लिंबुर्गच्या काचकारखान्याचे जाड, बुडबुड्यांच्या काचेचे दिवे. इटालियन नावांपुढे हे लोक अजून स्वस्तात देतात, आणि काचकाम कुठेही कमी नाही. घरं रिकामी करून देणाऱ्यांकडे, म्हणजे तुमच्याकडे ज्याला हाउसहाल्ट्सआउफ्लोझुंग म्हणतात तिथे, असा माल खोक्यात पडलेला असतो. मुरानो या व्हेनिसजवळच्या काचकामाच्या बेटावरच्या, अळंबीच्या आकाराच्या 'मश्रूम' दिव्यांचं खूळ मात्र सध्या इतकं वाढलंय की नवे नग जुने म्हणून खपतात. त्यांच्या बाबतीत बिल आणि मूळ मालकाची माहिती असल्याशिवाय हात घालू नका.

अ‍ॅक्रिलिक अवघड. गाए आउलेंतीचा पिपिस्त्रेल्लो, १९६५, मार्तिनेल्ली लूचेचा, वटवाघळाच्या पंखांसारखी पांढरी शेड आणि खाली ६६ पासून ८६ सेंटिमीटरपर्यंत वर-खाली होणारा पोलादी दांडा. फार देखणा. पण जुन्या नगांत शेड जिथे स्क्रूने धरलेली असते तिथून केसासारख्या चिरा निघतात. दिवा लावून, खोली अंधारी करून बघितल्याशिवाय त्या दिसत नाहीत. विक्रेता 'बल्ब नाही हो' म्हणाला तर खिशातून आपला बल्ब काढावा. माझ्या पिशवीत जाड आणि बारीक, दोन्ही चुडींचे एकेक असतातच. अ‍ॅक्रिलिक पुसायला काचेचा स्प्रे, स्पिरिट, सॅनिटायझर यातलं काहीही वापरू नका. जुन्या, ताणलेल्या अ‍ॅक्रिलिकला त्याने जाळी पडते, ती परत जात नाही. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण, मऊ सुती कापड, बस.

साच्यातलं एबीएस प्लास्टिक उजेडाने पिवळं पडतं. १९६७चा नेस्सो, जांकार्लो मात्तियोली आणि त्याच्या मंडळींनी आर्तेमीदेसाठी केलेला, केशरी किंवा पांढरा. केशरी घ्या. पांढरा पिवळा पडला की पेरॉक्साइडचा लेप देऊन उन्हात ठेवायचा उपाय इंटरनेटवर सगळे सांगतात. पांढरेपणा येतो खरा, पण पुष्कळदा ठिपक्याठिपक्यांनी येतो, टिकत नाही, आणि प्लास्टिकचा पृष्ठभाग मेल्यासारखा होतो. मी करत नाही.

मग कोकून. तारेच्या सांगाड्यावर फवाऱ्याने प्लास्टिकचे तंतू मारून तयार केलेली पातळ कातडी. अमेरिकेत जॉर्ज नेल्सनचे बबल दिवे याच जातीचे. त्याला रेशमी आवरणाचा स्वीडिश दिवा हवा होता, तो सव्वाशे डॉलरचा, परवडेना. तेवढ्यात सैन्य वापरात नसलेली जहाजं जाळी घालून वर प्लास्टिक फवारून बंदिस्त करतं हा फोटो त्याच्या नजरेस पडला आणि त्यातून हा दिवा निघाला. इटलीत १९६०च्या सुमारास कास्तिल्योनींनी ताराक्साकुम आणि व्हिस्कोंतेआ हे दिवे हेच तंत्र वापरून केले. नवा असताना हा पदार्थ लवचीक असतो. साठ वर्षांनी तो मधासारखा पिवळा आणि पापडासारखा ठिसूळ झालेला असतो. पिवळा रंग चालतो, काहींना तो आवडतोही. ठिसूळपणा चालत नाही. तारेच्या जवळ बोटाच्या पेराने अगदी हलकं दाबा. किंचित दबून परत आलं तर ठीक, टिचल्याचा आवाज आला तर दुकानदाराकडे बघून हसा आणि निघा. घरी फवारून दुरुस्त करायची ही गोष्ट नव्हे.

कागदाबद्दल माझं मत ऐकून संग्राहक चिडतात. इसामू नोगुची या शिल्पकाराचे 'आकारी' नावाचे कागदी दिवे नवे घ्यावेत, जुने नकोत. १९५१ साली नोगुची जपानच्या गिफू गावी गेला. नागारा नदीवर रात्री पाणकावळ्यांकडून मासे पकडतात, तिथल्या कंदिलांचा धंदा बसत चालला होता, आणि त्यातून काही नवं करून द्या अशी तिथल्या महापौरांची विनंती होती. तुतीच्या सालीचा वाशी कागद, बांबूच्या कामट्या, आणि आकार एका शिल्पकाराचे. ओझेकी ही तीच कंपनी आजही ते हाताने करते. कागदावर सूर्य आणि चंद्रकोरीचा लाल शिक्का असतो. तो नाही, आणि कामटीच्या जागी तार आहे, तर ते दुसरं काहीतरी आहे. कागद हा संपणारा माल आहे. जुना आकारी म्हणजे तपकिरी झालेला, वळीच्या जागी फाटायला आलेला कागद. नवा, अधिकृत, शिक्क्याचा घ्या. घडी होऊन सपाट खोक्यात येतो, म्हणजे सामानातून पुण्याला सहज जाईल. पुण्यात मात्र पावसाळ्याचे चार महिने त्याला भिंतीपासून दूर ठेवा, ओल आली की ठिपके पडतात, आणि कसर कागद खाते. घडी करून माळ्यावर टाकलात तर पुढच्या दिवाळीला जाळी बाहेर येईल.

पितळेबद्दल एकच विनंती. समईला लावता तशी या दिव्यांना पितांबरी लावू नका. त्या काळच्या पितळेवर बहुधा लाखेसारखा पारदर्शक थर असतो. तो खरवडला गेला की पितळ पंधरा दिवसांत डागाळतं आणि मग जन्मभर घासत बसावं लागतं. वर, जुन्या पितळेचा जो मंद तांबूस रंग असतो त्याचे पैसे देणारे लोक आहेत. चकचकीत पितळेचे तेवढे नाहीत.

आता वायरिंग. इथे मी कुणाचं ऐकत नाही: विकत घेतलेला जुना दिवा उघडून तपासल्याशिवाय सॉकेटला लावायचा नाही. रबराची जुनी वायर बाहेरून ठीक दिसते, आत वाकवली की बिस्किटासारखी तुटते, आणि धातूच्या नळीत तिचा उघडा तांब्याचा तार अंगाला टेकतो. पूर्ण दिव्याच्या धातूतच मग वीज खेळते.

जर्मन दिव्यांत एक खास धोका आहे, आणि आपल्याकडच्या माणसाला तो जास्त. १९६५च्या सुमारापर्यंत जर्मनीत लाल वायर म्हणजे अर्थिंग असायची, काळी फेज, करडी न्यूट्रल. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या लाल म्हणजे फेज. पुण्यातल्या एखाद्या चांगल्या, अनुभवी वायरमनने सवयीने लाल वायर फेजला जोडली तर दिव्याच्या सगळ्या धातूवर २३० व्होल्ट आले. म्हणून जर्मनीतून निघण्याआधी सगळी जुनी वायर काढून टाका आणि हिरव्या-पिवळ्या अर्थिंगची तीन कोअरची नवीन घाला. धातूच्या दिव्याला मूळची दोनच कोअरची वायर असली तरी मी तीनची घालतो आणि अर्थिंग अंगाला स्क्रूने घट्ट बसवतो. कापडी वेणीची नवीन वायर तुमच्याकडे मिळते, जुन्या दिव्याला ती शोभते. जुनी वायर आणि होल्डर एका पिशवीत, वर दिव्याचं नाव लिहून, जपून ठेवा. पुढे विकायची वेळ आली तर घेणारा मूळ भाग मागतो.

होल्डरच्या मागचे आटे युरोपात एम-१० आणि १ मिलिमीटर पिचचे असतात. ते भारतात चटकन मिळत नाहीत, म्हणून दोन-चार होल्डर आणि पितळी निपल, म्हणजे होल्डर ज्यावर बसतो त्या आट्यांच्या नळ्या, जर्मनीतूनच घेऊन जा. ई-२७, म्हणजे जाड चुडीचा होल्डर काढून आपला खटक्याचा बी-२२ बसवायचा मोह अनेकांना होतो, त्यासाठी भोक मोठं करतात आणि दिवा बाद होतो. गरज नाही, ई-२७ आणि बारीक ई-१४, दोन्ही चुडीचे बल्ब आता पुण्यात किराणा दुकानातसुद्धा मिळतात. व्होल्टेज आणि सायकल तीच, त्यामुळे फक्त पिन बदलायची. ट्रान्सफॉर्मर असलेले दिवे, उदाहरणार्थ मोटारीचा हेडलाइट लावलेला कास्तिल्योनींचा तोयो, जाणकाराकडून आधी तपासून घ्या. अमेरिकन दिवा घेणार असाल तर १२० व्होल्टचा बल्ब भारतात लावताच उडेल. वायर, पिन आणि होल्डर तिन्ही बदलायचे असं धरूनच भाव करा.

घरी नेल्यावर पहिल्यांदा लावताना वायरमनला सिरीज लॅम्प, म्हणजे मधे एक जादा बल्ब जोडून तपासायची तजवीज, लावून बघायला सांगा, आणि त्या खोलीच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे याची खात्री करा. जास्त वॉटच्या जुन्या दिव्यात होल्डरभोवती पांढरट, कापसासारखी पट्टी किंवा बाही दिसली तर ती अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. खरवडू नका, फुंकू नका, जाणकाराकडे द्या.

बल्ब एलईडीच लावा. उष्णता कमी म्हणजे शेडचं आयुष्य वाढतं. पण तो कसा हवा हे दिव्यावर अवलंबून आहे. कास्तिल्योनींच्या ताच्चा नावाच्या टेबलावरच्या दिव्यात प्रकाश काचेच्या वाडग्यातून खालून वर जातो, वरच्या पांढऱ्या तबकडीवर आदळून खाली येतो. पहिल्या नमुन्यात वाडगा प्लास्टिकचा होता, तो तापून वाकला म्हणून काचेचा केला, आणि खालचा पन्हळीचा खांब उष्णता टाकण्यासाठी आहे. त्यात अर्ध्या बाजूला प्लास्टिकचं बूड असलेला स्वस्त एलईडी लावलात तर मधे काळी सावली पडते. सगळीकडे सारखा उजेड देणारा, २७०० केल्विनचा म्हणजे पिवळसर उजेडाचा, दुधी किंवा फिलामेंटसारखा एलईडी घ्या. पांढरा ट्यूबलाइटी उजेड या दिव्यांत घातला तर दुधी काच दवाखान्यातली वाटते.

खरेदीच्या जागा. जर्मनीतल्या वर्गीकृत जाहिरातींच्या साइट्सवर रोज सकाळी नजर टाका, चांगला नग संध्याकाळपर्यंत राहत नाही. सुट्टीत इटलीला गेलात तर मिलानला महिन्याच्या शेवटच्या रविवारी नावील्यी कालव्याकाठी जुना बाजार भरतो, आणि पार्माला वर्षातून दोनदा मोठं प्रदर्शन असतं. त्याच फेरीत कास्तिल्योनींचा स्टुडिओ बघता येतो का, ते आधी विचारून घ्या. खरा दिवा जवळून बघण्याला पर्याय नाही. लिलावात घेणार असाल तर हातोड्याच्या भावावर लिलावघराचं कमिशन साधारण पाव किंवा त्याहून जास्त चढतं, हे बोली लावण्याआधी डोक्यात धरा. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, जहाजाचे कंदील आणि जुनी झुंबरं भरपूर दिसतात, पण या जातीचा युरोपीय माल क्वचितच. तुम्ही जिथे आहात तिथूनच घेऊन जाणं शहाणपणाचं.

नेताना दिवा पूर्ण सुटा करा. काच वेगळ्या खोक्यात, आत-बाहेर दोन्हीकडून गुंडाळून, कधीही दांड्याला जोडलेली ठेवून नाही. सुटा करण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा, वॉशर कुठल्या क्रमाने होते ते सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. बिलं जपा. कस्टम्सच्या लेखी अँटिक म्हणजे शंभर वर्षांपेक्षा जुनं, त्यामुळे तुमचे दिवे कितीही जुने वाटले तरी साधं घरसामान म्हणूनच जातील. परतीच्या सामानाच्या यादीत प्रत्येक नग त्याच्या खऱ्या किमतीसह लिहा.

विक्रेत्याला फोटो मागताना समोरून काढलेला देखणा फोटो नको म्हणून सांगा. बुडाचा, शेडच्या आतल्या बाजूचा, होल्डरचा जवळून, आणि अंधारात दिवा लावलेला, एवढे चार पुरेत. हे चार देत नसेल त्याच्याकडून घेऊ नका. मला पाठवायचे असतील तर हेच चार पाठवा.